गोल्फच्या स्विंगची पायाभरणी: क्लब हलण्यापूर्वी काय शिकावे

क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, आणि चेंडू यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यांपैकी एक. तेवढ्या वेळात ताशी १६० किलोमीटर वेगाने आलेले क्लबहेड, म्हणजे क्लबचे खालचे डोके, चेंडूला सोबत घेऊन साधारण दोन सेंटिमीटर पुढे सरकते आणि चेंडू सुटतो. खेळाडूने क्लब किती मागे नेला होता, त्याचा कोपर कुठे होता, फटक्यानंतर तो किती डौलाने उभा राहिला, यांतले काहीही चेंडूला थेट कळत नाही. त्याच्यापर्यंत पाचच गोष्टी पोहोचतात: क्लबहेडचा वेग, त्याच्या प्रवासाची दिशा, ते त्या क्षणी खाली उतरत होते की वर चढत होते, क्लबफेस, म्हणजे क्लबहेडचा चेंडूला भिडणारा पृष्ठभाग, कोणीकडे वळलेला होता आणि चेंडू फेसच्या नेमक्या कोणत्या भागावर लागला. नवशिक्याला दिली जाणारी प्रत्येक सूचना या पाचांपैकी एखाद्या गोष्टीशी जोडून दिली नाही, तर तो नामवंत खेळाडूंच्या छायाचित्रांची नक्कल करत राहतो आणि आपला चेंडू डावी-उजवीकडे का जातो हे त्याला कधीच उमगत नाही.

अमेरिकन व्यावसायिक खेळाडू जिम फ्युरिकचा स्विंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लवकर पटेल. तो क्लब जवळजवळ उभा वर उचलतो आणि खाली आणताना मोठा वळसा घेऊन भलत्याच वाटेने आणतो. असा स्विंग कोणताही प्रशिक्षक नवशिक्याला शिकवणार नाही, पण याच स्विंगने फ्युरिकने २००३ साली यू.एस. ओपन जिंकली आणि २०१६ साली पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतली एक फेरी ५८ फटक्यांत पूर्ण केली. स्पेनच्या जॉन रामचा बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे वर नेण्याचा प्रवास, इतका आखूड आहे की क्लब जमिनीला समांतर होण्याच्या बराच आधी थांबतो, आणि तरी २०२१ ची यू.एस. ओपन व २०२३ ची मास्टर्स त्याच्या नावावर आहे. दोघांचे स्विंग लांबून एकमेकांसारखे अजिबात दिसत नाहीत. क्लब चेंडूला भिडतो त्या क्षणी मात्र दोघांचीही कंबर लक्ष्याकडे वळलेली असते, भार पुढच्या पायावर आलेला असतो आणि क्लबफेस हवा तिथे असतो.

मग तो क्षण साधायचा कसा? डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत येण्याचा प्रवास, पाव सेकंदाच्या आसपास संपतो. डोळ्यांनी किंवा हातांनी काही टिपून मेंदूने त्यावर हालचाल करायची म्हटले तरी जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे क्लब खाली येत असताना ‘आता मनगट वळवतो’ किंवा ‘आता फेस सरळ करतो’ असा विचार करून काहीही सुधारता येत नाही. जे सुधारायचे ते आधीच सुधारलेले असावे लागते, आणि म्हणूनच क्लब हातात कसा धरला, उभे कसे राहिले आणि रोख कुठे धरला या तीन गोष्टींना माझ्या मते नवशिक्याने आपल्या वेळेचा मोठा वाटा द्यावा. यांत चपळाई, ताकद किंवा लवचीकता लागत नाही. फक्त लक्ष लागते, आणि म्हणूनच बहुतेक जण त्या घाईने उरकून टाकतात.

पुढचे सगळे विवेचन उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून केले आहे. डावखुऱ्या वाचकांनी डावे-उजवे उलट करून वाचावे.

चेंडूची दिशा कशी ठरते

चेंडू क्लब ज्या वाटेने जातो त्या वाटेने सुटतो आणि नंतर फेस जिकडे वळलेला असेल तिकडे वळतो, असे पूर्वी सर्रास शिकवले जाई. डॉप्लर रडारवर चालणारी मोजणीची यंत्रे आल्यावर हे चित्र बदलले. चेंडू ज्या दिशेने सुटतो तिच्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा क्लबफेसच्या दिशेचा असतो, हे या यंत्रांनी दाखवून दिले. हवेतले वळण ठरते ते फेसची दिशा आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकावरून. फेस वाटेच्या मानाने उजवीकडे उघडा असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, डावीकडे बंद असेल तर डावीकडे वळतो, आणि दोन्ही एका रेषेत असून चेंडू फेसच्या मधोमध लागला तर तो सरळ जातो. फेस लक्ष्यापासून फक्त एक अंश चुकला, तरी १५० मीटरवर चेंडू अडीच मीटरांहून अधिक बाजूला पडतो, आणि हा हिशेब हवेतले वळण न धरता आहे.

नवशिक्यांना सर्वाधिक छळणारा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, यावरून नीट समजतो. फेस उघडा राहिल्यामुळे चेंडू उजवीकडे जातो. हे दिसल्यावर खेळाडू पुढच्या वेळी डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि क्लब बाहेरून आत, म्हणजे उजवीकडून डावीकडे ओढतो, कारण चेंडू डावीकडे ढकलला की तो मधे येईल असे त्याला वाटते. पण वाट जितकी डावीकडे जाते तितका तिच्या मानाने फेस अधिकच उघडा ठरतो, चेंडूला बाजूची फिरकी जास्त मिळते आणि तो आणखी मोठा वळसा घेऊन उजवीकडे जातो. उपाय जितका जोरात करावा तितका आजार बळावतो. या फेऱ्यातून सुटायचे असेल तर वाटेला हात लावण्याआधी फेस सुधारावा लागतो, आणि फेस सुधारण्याची जागा म्हणजे ग्रिप, अर्थात क्लब धरण्याची पद्धत.

ग्रिप

हात सैल सोडून सरळ उभे राहिले तर डावा तळहात अगदी मागे किंवा अगदी पुढे न वळता मांडीकडे तोंड करून, किंचित आत झुकलेला लोंबतो. वेगाने फिरताना हात साधारणपणे याच नैसर्गिक स्थितीकडे परत येऊ पाहतात. क्लब धरताना डावा हात या स्थितीपेक्षा बराच डावीकडे फिरवून धरला असेल, तर चेंडूपाशी पोहोचताना तो आपल्या मूळ ठेवणीत परत येतो आणि सोबत फेसही उजवीकडे उघडतो. ग्रिप आणि फेस यांचे नाते एवढे थेट आहे. त्यात कौशल्याचा भाग फारसा नसून हात शरीराला कसे जोडलेले आहेत याचा भाग जास्त आहे.

डाव्या हाताची ग्रिप अशी घ्यावी. क्लबहेड जमिनीवर सरळ टेकवावे, हात बाजूने क्लबजवळ न्यावा आणि क्लबची मूठ हातात तिरकी बसेल असे पाहावे: तर्जनीच्या मधल्या पेरापासून सुरू होऊन करंगळीच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्याच्या लगेच खाली ती निघाली पाहिजे. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. क्लब तळहाताच्या मधोमध आडवा धरला की पकड मजबूत वाटते खरी, पण मनगट जखडते आणि क्लब वर नेताना ते वाकत नाही. बोटांत धरलेला क्लब आधी नाजूक वाटतो, पण तोच मनगटाला मोकळीक देतो. क्लबचे टोक मुठीबाहेर एक-दोन सेंटिमीटर राहू द्यावे. अंगठा अगदी वर न ठेवता किंचित उजव्या कडेला टेकवावा. आता खाली पाहिले असता डाव्या हाताच्या बोटांची दोन, फार तर अडीच सांधे दिसायला हवीत, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये पडणारी घडी उजव्या खांद्याकडे रोखलेली दिसायला हवी. एकच सांधा दिसत असेल तर ग्रिप ‘वीक’ आहे आणि स्लाइसचे मूळ बहुधा तिथेच आहे; तीन-चार दिसत असतील तर ती ‘स्ट्राँग’ आहे आणि चेंडू हुक होण्याचा, म्हणजे डावीकडे वळत जाण्याचा, संभव जास्त. वीक-स्ट्राँग या शब्दांचा इथे जोर लावण्याशी काहीही संबंध नाही. ते फक्त हात कोणत्या बाजूला फिरला आहे एवढेच सांगतात.

उजवा हात त्यानंतर येतो, आणि तोही बोटांतच क्लब धरतो. उजव्या तळहातावरची अंगठ्याच्या बुडाभोवती जाणारी रेषा डाव्या अंगठ्यावर नेमकी बसली, तर दोन्ही हात एकमेकांत चपखल मिटतात. हात जोडण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. उजवी करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी व मध्यमा यांच्या खाचेवर टेकवण्याच्या पद्धतीला वार्डन ग्रिप म्हणतात. १८९६ ते १९१४ या काळात ओपन चॅम्पियनशिप सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी वार्डनमुळे ती रूढ झाली. करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवणारी इंटरलॉकिंग ग्रिप जॅक निकलस आणि टायगर वूड्स यांनी वापरली. दहाही बोटे क्लबवर ठेवण्याची तिसरी पद्धत लहान हातांच्या किंवा सांधेदुखी असलेल्या माणसांना सोयीची पडते. या तिन्हींत निवड करण्यात नवशिक्याने फार वेळ घालवू नये. जिच्यात हात घट्ट एकत्र राहतात आणि दुखत नाहीत ती आपली. हात क्लबवर कोणत्या कोनात बसले आहेत, याचे महत्त्व करंगळी कुठे आहे यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

पकडीच्या दाबाबद्दल मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. शक्य तेवढे घट्ट धरणे म्हणजे दहा असे मानले, तर चारच्या आसपास दाब पुरेसा आहे, आणि तो डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत जाणवावा. मूठ आवळली की कोपर ताठरतात, कोपर ताठरले की खांदे ताठरतात आणि क्लबहेडचे वजन हाताला जाणवेनासे होते. ड्रायव्हरचे, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबचे, क्लबहेड साधारण २०० ग्रॅमांचे असते आणि चेंडू ४६ ग्रॅमांपेक्षाही किंचित हलका असतो. इतक्या हलक्या वस्तूंना दूर पाठवायला वेग लागतो, आणि आवळलेल्या स्नायूंतून वेग निघत नाही.

ही ग्रिप पहिले काही दिवस विचित्र वाटणार, हे धरून चालावे. क्लब घरी हाताशी ठेवून दिवसातून अनेकदा ग्रिप घ्यावी, तपासावी, सोडावी आणि पुन्हा घ्यावी. त्यासाठी चेंडू लागत नाही, मैदानही लागत नाही. चुकीच्या ग्रिपने शेकडो चेंडू मारून झाल्यावर ती बदलणे फार जड जाते, कारण तोवर सगळा स्विंग त्या चुकीची भरपाई करायला शिकलेला असतो.

उभे राहणे आणि रोख धरणे

उभे राहताना वाकायचे ते कमरेच्या सांध्यातून. पाठ गोल करून पोटातून वाकले तर खांदे वळत नाहीत. गुडघ्यांत बसकण मारली तर हातांना वाट राहत नाही. सरळ उभे राहून नितंब मागे ढकलावेत, छाती चेंडूवर झुकू द्यावी आणि मग गुडघे फक्त सैल करावेत. दोन्ही हात खांद्यांतून सरळ खाली लोंबू द्यावेत, आणि जिथे ते लोंबतील तिथेच क्लब धरावा. हाताची मूठ आणि मांडी यांच्यात एका मुठीहून थोडे अधिक अंतर राहिले म्हणजे साधारण बरोबर. भार टाचांवर किंवा चवड्यांच्या टोकावर न येता पावलाच्या मध्यावर असावा. कुणी समोरून हलकेच ढकलले तरी तोल जाऊ नये.

सात नंबरच्या आयर्नसाठी, म्हणजे मध्यम अंतराच्या क्लबसाठी, पावलांत खांद्यांइतके अंतर पुरते, आणि ड्रायव्हरसाठी ते थोडे वाढवावे. उजवे पाऊल जवळपास सरळ आणि डावे किंचित बाहेर वळलेले असले की कमरेला लक्ष्याकडे वळायला सोपे जाते. वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांचा क्लब, घेतल्यास चेंडू दोन पावलांच्या मध्यावर असावा, सात नंबरला मध्याच्या थोडा डावीकडे, आणि ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर. हा फरक का, ते पुढे तळबिंदूच्या भागात येईल.

रोख धरण्यात डोळे फसवतात, कारण आपण चेंडूच्या बाजूला उभे असतो आणि लक्ष्य दूर असते. त्यावर जॅक निकलस यांची सवय फार उपयोगी आहे. ते चेंडूच्या मागे उभे राहून लक्ष्याच्या रेषेत, चेंडूपासून थोड्याच अंतरावर एखादी खूण हेरत: वाळलेले पान, गवतावरचा डाग, गवत उखडल्याची जुनी जागा. दीडशे मीटरवरच्या झेंड्याकडे क्लबफेस रोखण्यापेक्षा एक मीटरवरच्या पानाकडे रोखणे कितीतरी सोपे आहे. आधी फेस त्या खुणेकडे सरळ ठेवावा आणि मगच पावले त्या रेषेला समांतर लावावीत. क्रम उलटा झाला, म्हणजे पावले आधी लावली, की बहुतेकांचे शरीरच लक्ष्याकडे रोखले जाते आणि चेंडूची रेषा लक्ष्याच्या उजवीकडे जाते. नीट उभे राहिल्यावर डावा खांदा लक्ष्याच्या किंचित डावीकडे दाखवत असतो आणि ते चुकल्यासारखे वाटते. ते तसेच असू द्यावे.

मागे जाणे आणि खाली येणे

इतके झाल्यावर प्रत्यक्ष हालचालीबद्दल सांगायचे ते तुलनेने थोडे उरते.

क्लब मागे न्यायला सुरुवात करताना हात, खांदे आणि छाती एकत्र हलावीत. हातांनी क्लब झटकन उचलला की शरीर मागे राहते आणि पुढचा सगळा फटका एकट्या हातांवर पडतो. क्लब कमरेच्या उंचीपर्यंत गेला की मनगट आपोआप वाकू लागते, आणि छाती लक्ष्याकडे पाठ करत वळत जाते. लवचीक शरीराचे खेळाडू खांदे सुमारे ९० अंश आणि कंबर सुमारे ४५ अंश वळवतात. ज्यांचे शरीर इतके वळत नाही त्यांनी जिथे वळण संपते तिथेच थांबावे. हात आणखी वर नेऊन लांबी वाढवू नये, कारण त्या वाढीव प्रवासात वेग मिळत नाही आणि तोल मात्र जातो. डावा हात बऱ्यापैकी लांब राहावा, पण काठीसारखा ताठ नको. डोक्याविषयीचा सल्ला जवळपास प्रत्येक नवशिक्याला मिळतो: डोके अजिबात हलवू नका, नजर खाली ठेवा. यामुळे लोक हनुवटी छातीवर दाबून धरतात, खांद्याला तिच्याखालून जायला जागा उरत नाही आणि फटक्यानंतर शरीर पुढे वळूच शकत नाही. डोके मोठ्या प्रमाणावर वर-खाली किंवा बाजूला सरकू नये, इतकेच. ते खांद्यांसोबत थोडे वळले तर बिघडत नाही, आणि चेंडू गेल्यावर त्याच्यामागे नजर जाणे तर स्वाभाविकच आहे.

खाली येताना सुरुवात कुठून होते, यावर फटक्याचे बरेच काही अवलंबून असते. पाण्यावर चपटा दगड भिरकावताना आपण आधी पुढच्या पायावर भार टाकतो, मग कंबर वळते, खांदा येतो, कोपर येतो आणि सगळ्यात शेवटी मनगट दगड सोडते. गोल्फमध्येही हाच क्रम आहे: पाय आणि कंबर, मग छाती, मग हात, आणि शेवटी क्लब. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्या भागाला देऊन स्वतः मंदावतो, आणि अशी साखळी जुळल्यामुळे सडपातळ खेळाडूही चेंडू फार लांब पाठवू शकतात. चांगल्या खेळाडूंचा भार क्लब पूर्ण वर पोहोचण्याआधीच डाव्या पायाकडे परतू लागलेला असतो. नवशिक्याचा क्रम उलटा होतो, कारण चेंडू जोरात मारायचा म्हटले की पहिल्यांदा उजवा खांदा आणि हात धावतात. खांदा पुढे गेला की क्लब बाहेरून आत येतो, आणि मघाशी सांगितलेल्या स्लाइसचा दुसरा अर्धा भाग तयार होतो. यावर एकच कल्पना मनात ठेवलेली पुरते: वर पोहोचल्यावर पाठ क्षणभर लक्ष्याकडे तशीच राहू द्यावी आणि डावी टाच जमिनीत दाबून उतरायला सुरुवात करावी. हात आपोआप मागोमाग येतात.

लयीबद्दल एक मोजमाप मनोरंजक आहे. अव्वल खेळाडूंचा बॅकस्विंग डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ घेतो, आणि स्विंग दिसायला संथ असो वा झपाट्याचा, हे प्रमाण फारसे बदलत नाही. नवशिक्याला ‘हळू मार’ असे सांगितले की तो खाली येतानाही हळू होतो आणि चेंडूपाशी क्लब अडखळतो. त्यापेक्षा घाई न करता मागे जावे आणि पुढे मोकळेपणाने जावे, हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

तळबिंदू

क्लबहेड एका मोठ्या वर्तुळखंडावर फिरते. त्या वर्तुळाचा जमिनीजवळचा सर्वांत खालचा बिंदू, म्हणजे तळबिंदू, कुठे पडतो यावर फटका स्वच्छ लागणार की नाही हे ठरते. जमिनीवरच्या चेंडूसाठी तो चेंडूच्या थोडा पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडला पाहिजे. तसे झाले की क्लब आधी चेंडूला आणि नंतर जमिनीला लागतो, आणि गवताचा निघालेला तुकडा, म्हणजे डिव्हॉट, चेंडू होता त्या जागेच्या पुढे सुरू होतो. तळबिंदू मागे पडला तर क्लब आधी मातीत रुततो आणि चेंडू जेमतेम सरकतो. किंवा मातीला चुकवून वर येता येता क्लबची धार चेंडूच्या मध्यावर आदळते आणि चेंडू जमिनीलगत सणसणत जातो. पहिल्या चुकीला फॅट आणि दुसरीला थिन म्हणतात. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींचे मूळ एकच आहे.

हे घडते कारण नवशिक्याला चेंडू वर उचलायचा असतो. चेंडूच्या खाली क्लब घालून तो खांद्याने आणि मनगटाने वर काढू पाहतो, भार उजव्या पायावर अडकून राहतो आणि तळबिंदूही तिथेच मागे राहतो. वास्तविक चेंडू वर नेण्याचे काम क्लबच्या तिरकेपणाला, म्हणजे लॉफ्टला, दिलेले असते. सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण ३० ते ३४ अंश असतो, सँड वेजचा ५५ च्या आसपास. क्लब खाली उतरत असताना चेंडूला भिडला तरी हा तिरका फेस त्याला वरच पाठवतो आणि सोबत उलटी फिरकी देतो; व्यावसायिक खेळाडूने सात नंबरने मारलेला चेंडू मिनिटाला सुमारे ७,००० फेरे घेत जातो. ही फिरकी आणि चेंडूवरचे खळगे मिळून हवेतून वर उचलणारा जोर निर्माण करतात. खेळाडूने वेगळे उचलण्याची काहीच गरज नसते. या एका गोष्टीवर मनापासून विश्वास बसला की पुष्कळांचे फटके त्याच दिवशी बदलतात.

तळबिंदू सुधारण्यासाठी चेंडूशिवाय करण्याचा एक साधा सराव आहे. वाळूत किंवा गवतावर लक्ष्याच्या दिशेला काटकोनात एक रेघ ओढावी आणि ती दोन पावलांच्या मध्यावर येईल असे उभे राहावे. अर्धा स्विंग घेऊन क्लबचा स्पर्श रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला होतो का, ते पाहावे. स्पर्श मागे होत असेल तर सुरुवातीपासूनच थोडा अधिक भार डाव्या पायावर ठेवून पुन्हा करावे, आणि छातीचे हाड फटक्याच्या वेळी रेघेच्या मागे राहत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. वाळूतली खूण खोटे बोलत नाही. ड्रायव्हिंग रेंजवरची चटई मात्र बोलते: तिच्यावर क्लब चेंडूच्या चार बोटे मागे आपटला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. म्हणून केवळ चटईवर सराव करणाऱ्यांनी अधूनमधून गवतावर किंवा वाळूवर स्वतःला तपासावे.

ड्रायव्हरचे गणित उलटे आहे. चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, उंच ठेवलेला असतो, फेसचा लॉफ्ट ९ ते १२ अंशांच्या घरात असतो आणि क्लब वर चढू लागल्यावर चेंडूला भिडला तर अंतर जास्त मिळते. म्हणून चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवतात, म्हणजे तळबिंदू चेंडूच्या मागे पडतो. चेंडूचा साधारण अर्धा भाग क्लबहेडच्या वरच्या कडेच्या वर दिसेल इतकी टीची उंची ठेवावी. स्विंग मात्र तोच राहतो. वर मारण्याचा वेगळा प्रयत्न करायचा नसतो.

सराव कसा करावा

नियमानुसार पिशवीत १४ पर्यंत क्लब ठेवता येतात, पण सुरुवातीला सात नंबरचे आयर्न आणि एक वेज यांवर बराच काळ काढता येतो. पूर्ण स्विंगने मारायच्या क्लबांत ड्रायव्हर सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत कमी लॉफ्टचा असल्याने फेसची चूक त्यात सर्वांत ठळक दिसते. नेमका तोच नवशिक्याला सर्वांत मोहात पाडतो. शिकण्याची सुरुवात त्याच्यापासून करू नये असेच माझे मत आहे.

पहिला स्विंग कमरेपासून कमरेपर्यंतचा असावा: क्लब मागे जमिनीला समांतर होईपर्यंत न्यायचा, आणि पुढेही तितकाच. चेंडू कमी उंचीच्या टीवर ठेवला तरी चालेल. या छोट्या स्विंगमध्ये ग्रिप, भार, तळबिंदू आणि फेस हे सगळे येते, आणि चूक कुठे झाली ते ओळखणेही सोपे जाते. याने चेंडू सातत्याने स्वच्छ लागू लागला की खांद्यापासून खांद्यापर्यंतचा स्विंग घ्यावा, आणि त्यानंतर पूर्ण. प्रत्येक फटक्यानंतर शेवटची स्थिती चेंडू पडेपर्यंत धरून ठेवावी: छाती लक्ष्याकडे, भार डाव्या पायावर, उजवी टाच वर. ही स्थिती फटका चांगला करत नाही, ती त्याचा परिणाम असते. पण ती धरता आली नाही तर तोल कुठेतरी आधीच गेला होता, एवढे नक्की कळते.

चेंडू फेसवर कुठे लागतो हे पाहण्यासाठी फेसवर खडूची भुकटी हलकी चोळावी. फटक्यानंतर उमटलेला ठसा टोकाकडे दिसला तर आपण चेंडूपासून दूर उभे आहोत किंवा हात आखडले आहेत. दांड्याकडे दिसला तर फार जवळ आहोत किंवा डाउनस्विंगमध्ये शरीर चेंडूकडे सरकते आहे. ठसे मधोमध जमू लागले की जोर न वाढवताही अंतर वाढते, कारण मध्यावर लागलेला चेंडू क्लबहेडची ऊर्जा अधिक घेतो. अंतर वाढवण्याचा नवशिक्यासाठी याहून स्वस्त मार्ग नाही.

फोनवर स्वतःचे चित्रीकरण करणे फार उपयोगी आहे, कारण जे केले असे वाटते आणि जे प्रत्यक्ष घडते त्यांत मोठी तफावत असते. फोन हातांच्या उंचीवर ठेवावा. एकदा समोरून घ्यावे, म्हणजे भार आणि चेंडूची जागा कळते. एकदा मागून, लक्ष्याच्या रेषेत घ्यावे, म्हणजे रोख आणि क्लबची वाट कळते. फोन तिरका ठेवला तर बरोबर स्विंगही चुकीचा दिसतो. पाहताना एका वेळी एकच गोष्ट शोधावी, आणि ती सुधारेपर्यंत दुसरीकडे वळू नये.

कंबर आणि कोपर यांच्यावर हा खेळ बराच ताण टाकतो. फटक्यांआधी काही मिनिटे खांदे व कंबर वळवून घ्यावी, आणि पहिले चेंडू वेजने, अर्ध्या स्विंगने मारावेत. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा पाठीत दुखू लागले तर त्या दिवशी थांबावे. महिनाभर नियमित सराव करूनही चेंडू एकाच बाजूला वळत राहिला, तर प्रशिक्षकाकडे जावे, आणि जाताना चित्रीकरण आणि खडूच्या ठशांचे फोटो सोबत न्यावेत, म्हणजे तासाचा पहिला अर्धा भाग नुसते निदान करण्यात जात नाही.